महानगरातील पोरके मूल आणि त्याच्या गरजांचे मोजमाप



स्मृतिव्याख्यानाच्या आरंभी दिवंगत व्यक्तीच्या गुणांचे वर्णन करावे, असा शिष्टसंमत परिपाठ आहे. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ आज आपण येथे जमलो आहोत त्यांना आपली स्तुती तोंडावर झालेली खपत नसे, हे या सभागृहातील वडीलधाऱ्या मंडळींना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. आणि त्यांच्या माघारी तरी त्यांच्या इच्छेचा मान राखावा, या विचाराने तो परिपाठ बाजूस ठेवून मी सरळ विषयाला हात घालतो.

विषय निमंत्रणपत्रिकेवर छापलेला आहे: आईबापांच्या छत्रावाचून महानगरात वाढणाऱ्या मुलांच्या गरजा कशा ओळखाव्यात आणि कशा मोजाव्यात. पत्रिका वाचून एका स्नेह्याने मला विचारले, "अहो, यात मोजायचे ते काय? ज्याला आईबाप नाहीत त्याला अन्न हवे, वस्त्र हवे, निजायला जागा हवी, चार बुके शिकायला हवीत. एवढे सांगायला तासभर कशाला हवा?" प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारणारा गृहस्थ दयाळू आहे, हेही मी जाणून आहे. पण हेच ठरीव उत्तर आपण गेली दीडशे वर्षे देत आलो, त्या उत्तराच्या पायावर इमारती बांधल्या, कायदे केले, अनुदाने मुक्रर केली, आणि एवढे सगळे करूनही ज्याच्यासाठी ते केले त्या मुलासमोर बसून, "तुझे कोण आहे आणि तुझे काय आहे?" एवढे दोन प्रश्न सावकाशपणे विचारायला मात्र आपल्याला फुरसत झाली नाही. आजचे माझे सांगणे या दोन प्रश्नांपुरतेच आहे.

प्रथम थोडे मागे जाऊ. 1850 साली कंपनी सरकारने एक कायदा केला, त्यान्वये धर्मादायावर वाढणाऱ्या अनाथ व गरीब मुलांना कारागिराच्या हाताखाली उमेदवार म्हणून बांधून देण्याची सोय झाली. त्या कायद्याच्या दृष्टीने पोरक्या मुलाची गरज एकच होती, ती म्हणजे धंदा. सात वर्षांनी मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाचे सुधारगृह निघाले. तेथे गरज ठरली ती शिस्तीची. 1863 साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, तेव्हा प्रश्न त्याहून मूलभूत होता. मूल जिवंत राहील की नाही, हाच तो प्रश्न. पंढरपूरचे बालकाश्रम 1875चे, त्याचीही प्रेरणा तीच. 1896 साली अण्णासाहेब कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली तेव्हा त्यांना दिसलेली गरज विद्येची आणि स्वावलंबनाची होती. आणि मुंबई इलाख्यात 1924 साली बालकांचा कायदा होऊन 1927 साली चिल्ड्रेन्स एड सोसायटी उभी राहिली, तेव्हा रस्त्यावरच्या मुलाचा ताबा कोणी घ्यावा, हा सरकारदरबारचा मुख्य विवंचनेचा विषय झाला.

यांपैकी कोणालाही मी दोष देत नाही. प्रत्येक संस्थापकाने आपल्यासमोरचे मूल डोळे उघडून पाहिले आणि त्या मुलाला जे कमी पडत होते ते पुरवणारे घर बांधले. मग बिघडले कोठे? संस्थापक गेले, घरे राहिली. घर टिकवायचे तर खाटा भरल्या पाहिजेत, दरडोई अनुदान आले पाहिजे, हजेरीपटावर नावे पाहिजेत. आणि मग हळूहळू, कोणाच्याही मनात वाईट हेतू नसता, प्रश्न उलटा फिरला. या मुलाला काय हवे, याऐवजी आपल्याकडे जे आहे त्यात हे मूल बसते का, असे विचारले जाऊ लागले. अंगरखा आधी शिवून ठेवायचा आणि मग त्या मापाचा माणूस शोधत हिंडायचे, असा हा प्रकार आहे.

फुले दांपत्याच्या गृहात जन्मलेल्या एका विधवेच्या मुलाची हकिकत आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्या मुलाला, यशवंताला, त्यांनी खाट दिली नाही. त्याला 1874 साली दत्तक घेऊन आपले नाव दिले. पुढे तो डॉक्टर झाला, आणि 1897च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांना त्याच्याच दवाखान्यात नेत असताना स्वतः त्या रोगाला बळी पडल्या. गृह काढणाऱ्या माणसांना गृहाची मर्यादा कळलेली होती, असा अर्थ मी त्यातून काढतो. आज महाराष्ट्र सरकारची बालसंगोपन योजना सावित्रीबाईंच्या नावाने चालते, आणि मूल संस्थेत न ठेवता नातलगाच्या किंवा दुसऱ्या कुटुंबाच्या घरी वाढावे, यासाठी ती दरमहा रक्कम देते. नाव योग्य जागी पडले आहे. रकमेविषयी पुढे बोलू.

आता पहिला प्रश्न घेऊ: मुलाचे कोण आहे?

संस्थेत राहणारे मूल म्हणजे मायबाप मेलेले मूल, अशी आपली सर्वांची समजूत असते. देणगीची पावती फाडताना तर ती अगदी पक्की असते. वस्तुस्थिती तशी नाही. संस्थांच्या दप्तरात ज्यांची नावे आहेत त्यांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा बाप, निदान एक तरी, हयात आहे; आणि दोघेही नसले तरी आजी आहे, मामा आहे, थोरली बहीण आहे. मग ती मुले तेथे का आहेत? बाप दारूने गेला आणि आई दोन पाळ्यांत कामाला जाते, घरात पाहायला कोणी नाही, म्हणून आहेत. आई क्षयाने रुग्णालयात पडली आणि वर्षभराने बरी होऊन आली तोवर खोली सुटलेली होती, म्हणून आहेत. आईने दुसरे घर केले आणि नव्या घरात मुलीला जागा नव्हती, किंवा जागा होती पण मुलीला तेथे भीती वाटत होती, म्हणून आहेत. 2011च्या जनगणनेत बृहन्मुंबईतील सुमारे 41 टक्के कुटुंबे झोपडवस्तीत राहत असल्याचे आढळले. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे निजत असताना सातवे माणूस म्हणून मेलेल्या भावाचे पोर घ्यावे की नाही, याचा निर्णय करणाऱ्या काकाला निर्दय म्हणणे फार सोपे आहे. तुमच्याआमच्या दिवाणखान्यात बसून तर अधिकच सोपे.

खेड्यात मूल पोरके झाले तर त्याच्याभोवती आळी असते, भावकी असते, आणि भावकी कितीही भांडखोर असली तरी हे पोर अमक्याचे, हे तिला ठाऊक असते. शहरात मूल पोरके झाले म्हणजे बहुधा त्या मुलाची ओळख सांगणारा माणूसच नाहीसा होतो. शेजारी आहे, पण तो भाडेकरू, अकरा महिन्यांचा. गाव आहे, पण ते बिहारात किंवा मराठवाड्यात, आणि त्याचे नाव मुलाला अर्धवट ठाऊक. म्हणून शहरातला तपास हा गरजेचा तपास होण्यापूर्वी नात्याचा तपास असावा लागतो.

2015च्या बालन्याय कायद्याने हे तत्त्व मान्य केले आहे. संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्था हा शेवटचा उपाय, असे तो कायदा स्पष्टपणे म्हणतो. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 2009 साली पर्यायी संगोपनासंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे संमत केली, त्यांत तर केवळ दारिद्र्य हे मुलाला कुटुंबातून काढण्याचे एकमेव कारण कधीही असू नये, असे म्हटले आहे. दारिद्र्यावर उपाय करायचा तर दारिद्र्यावर करावा. मूल हलवू नये. तत्त्व इतके स्वच्छ असता व्यवहारात मूल का हलवले जाते? कारण मूल हलवण्याचा हुकूम एका दिवसात लिहून होतो, आणि आजीला दरमहा रक्कम पोहोचवण्याची तजवीज व्हायला सहा महिने लागतात.

या संदर्भात भावंडांविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. समजा, आठ वर्षांची मुलगी, अकरा वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांचे धाकटे, अशी तीन मुले एका रात्रीत पोरकी झाली. आपल्या संस्था वयाप्रमाणे आणि लिंगाप्रमाणे वाटलेल्या आहेत; सहा वर्षांखालचे मूल शिशुगृहात, मुलगी मुलींच्या बालगृहात, मुलगा मुलांच्या. म्हणजे ज्या आठवड्यात त्यांची आई गेली त्याच आठवड्यात आपण, कायदेशीरपणे आणि शिक्कामोर्तब करून, त्यांचे उरलेसुरले कुटुंबही मोडले. धाकटे त्या अकरा वर्षांच्या भावाच्या हातून भात खात असे, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते. आणि नव्या जागी ते जेवत नाही, याची नोंद मात्र 'भूक मंदावली आहे' अशी होते. त्या तिघांची पहिली गरज कोणती होती? ती एकत्र राहण्याची होती, आणि आपण तीन ठिकाणी तीन खाटा देऊन ती भागवली. जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी 1951 साली लिहिलेल्या प्रबंधात, लहान मुलाला पोषणाइतकीच एका माणसाच्या सातत्याची गरज असते, असे प्रतिपादन केले होते. त्यांच्या मतातील काही भाग पुढच्या संशोधकांनी दुरुस्त केला. मूळ गाभा कोणी खोडलेला नाही.

आता दुसरा प्रश्न. मुलाचे काय आहे?

हा प्रश्न ऐकून कोणी हसेल. फुटपाथवरच्या पोराचे काय असणार? सभ्य गृहस्थहो, मुंबईत पोरक्या मुलाचे फार काही असते. ते कोणी विचारत नाही एवढेच. त्याच्या बापाची खोली असते. ती पागडीची असेल, गिरणीच्या चाळीतली असेल, नाही तर झोपडपट्टीतली असेल आणि तिच्यावर पुनर्वसनाची योजना मंजूर झालेली असेल. पात्र झोपडीधारकांची जी यादी लागते, ज्याला वस्तीत सगळे परिशिष्ट-2 म्हणतात, तिच्यात बापाचे नाव असते. बाप गेला, वर्षभरात आई गेली. मुलाला पोलिसांनी किंवा कोणा भल्या माणसाने बालकल्याण समितीपुढे रुजू केले. समितीने बालगृहात धाडले. आणि इकडे खोलीचा कब्जा कोणाकडे गेला? कधी काकाकडे, कधी शेजाऱ्याकडे, कधी वस्तीतल्या दादाकडे. बालगृहात मुलाला दोन वेळ जेवण, दोन जोड कपडे आणि शाळेचे दप्तर मिळते आणि त्याच काळात त्याच्या नावावर होऊ शकणारे, या शहरात आयुष्यभर नोकरी करूनही पुष्कळांना न मिळणारे घर दुसऱ्याच्या नावावर चढते. मग अठराव्या वर्षी तो बाहेर पडतो आणि आपण त्याच्यासाठी वसतिगृह शोधत हिंडतो!

या बाबतीत कायदा मुका आहे, असे नाही. 1890चा पालक व पाल्य कायदा आहे. अज्ञान मुलाच्या मिळकतीसाठी न्यायालय पालक नेमू शकते. बाप कारखान्यात असेल आणि भविष्यनिर्वाह निधीचा सभासद असेल तर 1995च्या निवृत्तिवेतन योजनेत अनाथ मुलांसाठी स्वतंत्र वेतनाची तरतूद आहे. बँकेत खाते असते, विम्याचा एखादा हप्ता असतो, आईच्या बचत गटात शिल्लक असते. हे सारे शोधायचे कोणी? गृहचौकशी करायला जो अधिकारी वस्तीत जातो, त्यानेच तेथे जाऊन विचारले पाहिजे की, खोली कोणाच्या नावावर आहे, वीजबिल कोणाच्या नावाने येते, शिधापत्रिकेवर मुलाचे नाव आहे का, बाप कोठे कामाला होता. हे प्रश्न रुक्ष आहेत, कारकुनी आहेत, त्यांत करुणरस नाही. परंतु माझे मत विचाराल तर पोरक्या मुलावर सर्वांत मोठा अन्याय कोठे होत असेल तर तो या कारकुनी प्रश्नांच्या अभावी होतो. दया करणारे पुष्कळ भेटतात. वारसनोंद करून देणारा भेटत नाही.

आणि मिळकत सोडा, ओळखीचे कागद तरी? जन्मदाखला, आधार, जातीचा दाखला. वस्ती पाडली गेली, पेटी चेपून गेली, कागद गेले. शिक्षणहक्काच्या 2009च्या कायद्याने वयाच्या पुराव्याअभावी शाळाप्रवेश नाकारता येत नाही, हे खरे. परंतु शाळा संपल्यावरचे जग कागदावर चालते. जातीच्या दाखल्यासाठी बापाकडच्या नात्यातले पुरावे लागतात, आणि ज्याला बापच आठवत नाही त्याने ते आणायचे कोठून? महाराष्ट्र सरकारने 2018 साली अनाथांसाठी एक टक्का आरक्षण दिले, ते याच अडचणीतून निघालेले होते, आणि तो निर्णय चांगला होता. पण अनाथ असल्याचा दाखला मिळवण्यासाठीही पुन्हा कागदच लागतात.

हे दोन प्रश्न आज विचारले जातात का? कायद्याने पाहिले तर जातात. काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल सापडल्यापासून 24 तासांत बालकल्याण समितीपुढे आणावे लागते. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. तिच्या हुकुमाने सामाजिक तपासणी होते, ती 15 दिवसांत पुरी व्हावी आणि समितीचा अंतिम निर्णय 4 महिन्यांत व्हावा, अशी मुदत आहे. मग प्रत्येक मुलाचा वैयक्तिक संगोपन आराखडा तयार व्हावा लागतो. त्या आराखड्याचा नमुना मी तुम्हाला वाचायला सांगेन. ज्याने तो बसवला त्याने मुलाचा विचार केला होता यात शंका नाही. आरोग्य आणि आहार, भावनिक गरजा, शिक्षण आणि प्रशिक्षण, खेळ आणि छंद, जिव्हाळ्याची नाती, धर्मश्रद्धा, स्वतःचे संरक्षण, स्वतंत्रपणे जगण्याचे कौशल्य, असे सगळे रकाने त्यात आहेत.

रकाने उत्तम आहेत. ते भरतो कोण, आणि किती वेळात?

शंभर मुलांच्या गृहाला बालन्याय कायद्याखालच्या आदर्श नियमांप्रमाणे दोन समुपदेशक आणि तीन परिविक्षा अधिकारी अथवा प्रकरण-कार्यकर्ते असावेत, असा दंडक आहे. सगळ्या जागा भरलेल्या आहेत असे धरून चालू, तरी एका समुपदेशकाच्या वाट्याला पन्नास मुले येतात. एका संस्थेच्या दप्तरात मी असे आराखडे पाहिले की, त्यांत खेळ आणि छंदाच्या रकान्यात ओळीने प्रत्येक मुलापुढे 'क्रिकेट' लिहिलेले होते; त्यांत एका मुलाच्या पायाला पोलिओमुळे आलेले पंगुत्व त्याच कागदावर वरच्या रकान्यात नोंदवलेले होते. लिहिणारा माणूस आळशी नव्हता. तपासणीस येणारा अंमलदार रकाना कोरा आहे की भरलेला आहे एवढेच पाहतो, हे त्याला अनुभवाने समजलेले होते.

दुसरी अडचण मुलाच्या जबाबाची. दादरला, कल्याणला, कुर्ल्याच्या टर्मिनसवर गाडीतून उतरलेला दहाबारा वर्षांचा मुलगा मैथिली बोलतो, भोजपुरी बोलतो. त्याला प्रश्न विचारले जातात हिंदीत, लिहिले जातात मराठीत. तो म्हणतो, आईबाप नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणतो, आहेत. तिसऱ्या दिवशी गप्प बसतो, आणि अहवालावर शेरा पडतो की, मूल सहकार्य करीत नाही. अहो, ते सहकार्य कशाच्या भरवशावर करील? खरे सांगितले तर ज्या घरातून मार खाऊन पळाला त्याच घरी परत पाठवतील, आणि खोटे सांगितले तर कुलूपबंद गृहात ठेवतील, एवढा हिशेब त्याला कळतो. मुलाचा पहिला जबाब बहुधा त्याच्या भीतीचा जबाब असतो. 1996 साली मुंबईत 1098 या क्रमांकाची दूरध्वनी सेवा सुरू झाली, तिच्यातील जुन्या कार्यकर्त्यांना हे पक्के माहीत असे. चहा पाजून, नाव न विचारता, मुलाला नुसते बसू द्यावे, ही त्यांची रीत होती. पंधरा दिवसांच्या मुदतीत असे बसू देण्याला जागा कोठे आहे? मुदत असावी, नाही तर कागद वर्षानुवर्षे पडून राहतील. परंतु पहिल्या पंधरा दिवसांत लिहिलेले सत्य मुलाच्या अठराव्या वर्षापर्यंत प्रमाण मानले जाते, ते चूक आहे. सहा वर्षांच्या मुलीला जो प्रश्न होता तो तिच्या तेराव्या वर्षी नसतो. तपासणी पुन्हा पुन्हा व्हायला हवी, आणि शक्य तर त्याच माणसाकडून. बदल्यांच्या राज्यात ही मागणी अव्यवहार्य वाटेल, याची मला कल्पना आहे.

आता पैशाविषयी, म्हणजे गरज रुपयांत मोजण्याविषयी बोलतो, कारण सरकारच्या हाती शेवटी तेच माप असते. बालसंगोपनाची रक्कम एकेकाळी दरमहा 425 रुपये होती; ती टप्प्याटप्प्याने वाढून 2023 साली 2,250 झाली. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्वाची रक्कम दरमहा 4,000 आहे. मात्र तेथे कुटुंबाच्या उत्पन्नाची अट आहे: ग्रामीण भागात वर्षाला 72,000 आणि इतरत्र 96,000. म्हणजे शहरात महिना 8,000. चार घरी धुणीभांडी करून नातवंडे सांभाळणाऱ्या मुंबईतल्या आजीने पाचवे घर धरले की ती सुखवस्तू ठरते! खोलीचे भाडे जेथे उत्पन्नाचा निम्मा भाग खाते तेथे, आणि जेथे घर बापजाद्यांचे आहे अशा छोट्या शहरात, अट एकच. ही गरज मोजणे नव्हे. ही अर्जदार कमी करण्याची युक्ती आहे.

आणि करोनाच्या साथीत तर आपण एक विलक्षण माप शोधले. 2021 साली केंद्राने, साथीच्या काळात दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी, वयाच्या 23व्या वर्षी 10 लाख रुपये मिळावेत अशी योजना काढली. महाराष्ट्रानेही 5 लाखांची ठेव ठेवली. त्या मुलांना मिळाले याचा मला आनंद आहे. पण ज्याचे आईबाप साथीत गेले तो आणि त्याच आळीतला, ज्याची आई क्षयाने आणि बाप इमारतीच्या परांचीवरून पडून गेला तो, या दोघांच्या पोरकेपणात अंतर कोणते? भूक निराळी आहे का? रात्रीची भीती निराळी आहे का? आपण गरज मृत्यूच्या दाखल्यावरून मोजली, मुलाकडे पाहून मोजली नाही. ज्यांचा एकच पालक गेला, म्हणजे बहुधा कमावता बाप गेला, ती मुले त्या मोठ्या योजनेच्या बाहेरच राहिली. संख्येने तीच फार अधिक होती.

शेवटचा मुद्दा अठराव्या वर्षाचा. तो मी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवे. कायद्याप्रमाणे संस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणाला 21व्या वर्षापर्यंत, आणि विशेष कारण असल्यास 23व्या वर्षापर्यंत, अनुरक्षणाचे साहाय्य देता येते. 'देता येते' आणि 'मिळते' यांत किती अंतर आहे, हे अनुरक्षणगृहांची संख्या पाहिली म्हणजे कळते. आपल्या घरातला मुलगा अठराव्या वर्षी काय करतो, हे मनात आणा: बारावीचा निकाल लागतो, आई सकाळी उठवते, बाप फीचे पैसे भरतो आणि वर चार शब्द ऐकवतो. त्याच वयात संस्थेतल्या मुलीला भाडेकरार वाचता आला पाहिजे, एकटीने खोली शोधता आली पाहिजे, ताप आला तर कोणाला फोन करायचा हे ठाऊक असले पाहिजे. ज्या मुलीने बारा वर्षे घंटेवर जेवण घेतले, तिने बाजारातून भाजी कधी आणलीच नसेल तर तिचा दोष कोणता? स्वतंत्र जगण्याच्या कौशल्याचा रकाना भरायचा तो तिच्या सतराव्या वर्षी नव्हे. तो दहाव्या वर्षी भरला पाहिजे, आणि तिच्या हातात पिशवी आणि पैसे देऊन भरला पाहिजे.

मंडळी, मी सरकारविषयी पुष्कळ बोललो. पण येथे सरकार बसलेले नाही, आपण बसलो आहोत. तुमच्यात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतील माणसे आहेत, वकील आहेत, महानगरपालिकेच्या कचेरीत हयात गेलेले लोक आहेत. संस्थांना तुम्ही दिवाळीत फराळ देता आणि वाढदिवसाला जेवण घालता. मुलांना लाडवांचा कंटाळा येतो इतके लाडू त्या आठवड्यात येतात, ही गोष्ट तेथील अधीक्षक तुम्हाला संकोचाने सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो. त्याऐवजी वारसनोंदीचा अर्ज लिहून द्या. परिशिष्टातले नाव शोधून द्या. आजीचे आणि नातवाचे बँकेत खाते उघडून द्या. आणि तुमच्या चाळीत, तुमच्या सोसायटीच्या मागच्या वस्तीत, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईच्या शेजारी यंदा एखादे मूल पोरके झाले असेल, तर त्याला कोणत्या संस्थेत घालावे याची चौकशी करण्याआधी त्याचे कोण आहे, त्याचे काय आहे, हे विचारा, आणि जे असेल ते टिकवायला मदत करा. बालकल्याण समितीचे काम महिन्यातून निदान 20 दिवस चालावे, असा कायदा आहे. त्यांतील एक दिवस काढून त्या आजीबरोबर जा, आणि तिची कैफियत पुरती लिहून घेतली जाईपर्यंत तेथून उठू नका.